सामायिक घरातले स्वतंत्र फडताळ

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसीत, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. केंद्र सरकारने २०१५ साली मंजूर केलेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभे राहिलेले हे पहिले यंत्र. त्याची जुळणी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, देशातच केली. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हे यंत्र सिद्ध करणाऱ्या या संस्थेचा पुण्याहून काशीपर्यंतचा प्रवास मराठी माणसाला अभिमान वाटावा असाच आहे. सेकंदाला ८३७ लक्ष कोटी आकडेमोडी ही या यंत्राची कमाल क्षमता त्या वेळी वर्तमानपत्रांतून ठळकपणे छापली गेली आणि ती छापण्याजोगी होतीही. परंतु अशा यंत्राजवळ बसून प्रत्यक्ष काम करणाऱ्या संशोधकाला पहिल्या दिवशी भेडसावणारा प्रश्न वेगाचा नसतो. तो असतो जागेचा. या अवाढव्य सामायिक घरात आपली स्वतःची हत्यारे ठेवायची कोठे?

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. महासंगणक एक असतो आणि त्याचे वापरकर्ते अनेक असतात. कोणी धातूंच्या स्फटिकरचनेचा अभ्यास करतो, कोणी पावसाचे गणित मांडतो, कोणी प्रथिनांची घडण तपासतो. यांतील बहुतेकजण पायथन, पर्ल, आर यांसारख्या एखाद्या संगणकभाषेत आपले प्रोग्रॅम लिहितात. मात्र प्रत्येक गोष्ट कोणीही मुळापासून लिहीत नाही. खिडकी करणारा सुतार बिजागऱ्या स्वतः ओतीत बसत नाही. त्या तो बाजारातून आणतो. त्याचप्रमाणे आकड्यांचे कोष्टक वाचणे, समीकरणे सोडविणे, आलेख काढणे अशा नित्याच्या कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग मिळतात. या तयार भागांना मॉड्यूल किंवा पॅकेज म्हणतात. एका मॉड्यूलला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे. अशी साखळी वाढत जाऊन एका साध्या प्रोग्रॅमलाही कित्येक मॉड्यूलांची गरज पडते.

सर्वांना लागणारी काही मॉड्यूले यंत्राच्या सामायिक कोठारात असतात. परंतु त्या कोठाराची किल्ली व्यवस्थापकाकडे असते. तेथे नवी वस्तू ठेवण्याचा किंवा जुनी काढण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो. हा नियम हट्टाचा नव्हे. एकाने आपल्या सोयीसाठी एखाद्या मॉड्यूलची आवृत्ती बदलली, तर त्याच मॉड्यूलवर विसंबून महिनाभर चाललेले दुसऱ्याचे गणित अर्ध्यावर मोडू शकते. त्याहून वाईट म्हणजे, न मोडता निराळे उत्तर देऊ शकते. म्हणून व्यवस्थापक नकार देतो किंवा अर्ज मागतो, आणि अर्जाचा विचार होईपर्यंत संशोधक हात बांधून बसतो. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. या दोन रास्त म्हणण्यांतून निघालेली वाट म्हणजे वापरकर्त्याची खासगी डिरेक्टरी: सामायिक यंत्रावर त्याला नेमून दिलेल्या जागेतच मॉड्यूलांसाठी केलेला एक स्वतंत्र कप्पा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याने कोणाचे बिघडतही नाही.

सामायिक विद्याभांडार आणि व्यक्तीचा स्वतंत्र संग्रह यांचा हा संबंध काशीला मात्र अपरिचित नव्हता. या नगरीत मराठी पंडितांची घराणी शतकानुशतके नांदली. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांच्या घराण्यात नारायणभट्ट झाले, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. अशा घराण्यांचे खरे धन म्हणजे पोथ्या. मठांतून आणि पाठशाळांतून सर्वांसाठी पोथ्या असतच. परंतु ज्याला एखाद्या शास्त्रात काही नवे लिहावयाचे असे, तो आपली स्वतःची प्रत करून घेई. सामायिक प्रतीच्या समासात टिपणे करणे शिष्टसंमत नव्हते. स्वतःच्या प्रतीत ती करता येत. पाठभेद ताडून पाहता येत, पाने मागेपुढे लावता येत, एखादी टीका शेजारी बांधून ठेवता येई. विद्वानाचे घर म्हणजे त्याची प्रयोगशाळा होती आणि पोथ्यांचे फडताळ हे तिचे मुख्य अंग होते.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध संग्रह कवींद्राचार्य सरस्वतींचा. गोदातीरी जन्मलेला हा ऋग्वेदी ब्राह्मण संन्यास घेऊन काशीस स्थायिक झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्यास तेथील पंडितवर्गाचा अग्रणी बनला. शाहजहानच्या काळात काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवर बसविलेला कर त्याच्या रदबदलीने उठला. कृतज्ञ पंडितांनी त्याच्या गौरवार्थ रचलेल्या संस्कृत प्रशस्तींचा संग्रह ‘कवींद्रचंद्रोदय’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो १९३९ साली पुण्यातून छापला गेला. ‘सर्वविद्यानिधान’ ही त्याची पदवी. ती पदवी नुसती शोभेची नव्हती. वेद, व्याकरण, न्याय, मीमांसा, वैद्यक, ज्योतिष, काव्य अशा नाना विषयांच्या पोथ्या त्याने जमविल्या होत्या आणि त्यांवर आपल्या मालकीची नोंद करून ठेवण्याची शिस्तही पाळली होती.

बर्निये या फ्रेंच प्रवाशाने काशीतील एका पंडितप्रमुखाच्या भेटीचे आणि पोथ्यांनी भरलेल्या दालनाचे वर्णन केले आहे. त्याने नाव दिलेले नाही. परंतु तो पंडित म्हणजे कवींद्राचार्यच, असे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार दाखविले. या पंडिताला शाहजहानने दोन हजार रुपयांचे वेतन लावून दिले होते आणि औरंगजेबाने गादीवर येताच ते बंद केले, हेही बर्नियेनेच नोंदविले आहे. कवींद्राचार्यांच्या पश्चात त्यांचा संग्रह एकत्र राहिला नाही. त्यांच्या मालकीची नोंद असलेल्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयासह निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या आढळतात. परंतु एक गोष्ट वाचली: त्या संग्रहाची म्हणून ओळखली जाणारी यादी. काशीत मिळालेले हे सूचिपत्र १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यात २,००० हून अधिक ग्रंथांची नावे आहेत. दालन गेले, पोथ्या दिशोदिशी पांगल्या; पण यादी राहिली, आणि त्या यादीमुळेच त्या दालनात काय होते याचा काही अंदाज आज बांधता येतो.

संगणकाच्या इतिहासातही प्रथम आले ते सामायिक कोठार. ६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एड्सॅक या यंत्राने पहिला प्रोग्रॅम चालविला. लवकरच असे दिसून आले की, वर्गमूळ काढणे किंवा उत्तरे छापणे यांसारखे भाग प्रत्येकाने पुनःपुन्हा लिहिणे म्हणजे श्रमांचा अपव्यय आहे आणि चुकांना आमंत्रणही. डेव्हिड व्हीलर यांनी असे तयार भाग एकदा लिहून, तपासून, कागदी पट्ट्यांवर छिद्रांच्या रूपाने उतरवून ठेवण्याची पद्धत घालून दिली. या पट्ट्या कपाटात क्रमवार मांडून ठेवीत आणि ज्याला जी हवी असेल तिची नक्कल तो आपल्या प्रोग्रॅमच्या पट्टीत उतरवून घेई. या संग्रहाला त्यांनी ग्रंथालय असेच नाव दिले. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचे या विषयावरील पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. आजच्या मॉड्यूलांचे कूळ येथवर पोहोचते.

त्या काळी खासगी संग्रह म्हणजे ज्याची त्याने सांभाळलेली कागदी पट्टी किंवा छिद्रांकित कार्डांचा गठ्ठा. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा देशभरातील संशोधन संस्था त्याचा उपयोग करीत. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम म्हणजे कार्डांची पेटीच असे. ती हातून सांडली तर कार्डे पुन्हा क्रमाने लावता लावता दिवस जाई. परंतु ती पेटी निःसंशय त्याची स्वतःची असे. यंत्र सर्वांचे, पेटी आपली, ही विभागणी डोळ्यांना दिसत होती.

पुढे ही पेटी यंत्राच्या पोटातच गेली. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी अनेकांना एकाच वेळी एक संगणक वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. अनेकजण एका छपराखाली आले की प्रत्येकाचे सामान वेगळे ठेवणे ओघानेच आले. तेव्हा प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची डिरेक्टरी मिळाली आणि सर्वांसाठी काही सामायिक जागाही राखली गेली. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स प्रणालीने ही रचना रूढ केली. तीत सर्व डिरेक्टऱ्या एका झाडासारख्या परस्परांत गुंफलेल्या असतात. बुंध्याचा, म्हणजे ‘रूट’चा, अधिकार व्यवस्थापकाचा, वापरकर्त्याची स्वतःची डिरेक्टरी ही त्याची फांदी. या प्रणालीत ‘यूएसआर’ नावाची एक डिरेक्टरी आहे. आरंभी ती वापरकर्त्यांच्याच वास्तव्याची होती; कालांतराने प्रणालीचे सामान वाढत वाढत तेथे शिरले आणि वापरकर्त्यांना ‘होम’ नावाच्या निराळ्या वाड्यात बिऱ्हाड करावे लागले. जुन्या वाड्यांतून पाहुण्यांनी माजघर व्यापावे आणि घरच्यांनी माडीवर जावे, तसाच हा प्रकार.

सामायिक कोठार आणि खासगी फडताळ यांतील ताण खऱ्या अर्थाने जाणवू लागला तो मॉड्यूलांचा सुकाळ झाल्यावर. लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा १९८७ साली आली. १९९५ मध्ये तिच्यासाठी जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या मॉड्यूलांचे एक भांडार इंटरनेटवर उघडले गेले. ‘सीपॅन’ हे त्याचे नाव. आर भाषेसाठी १९९७ पासून तसेच भांडार सुरू झाले. पायथनचेही उभे राहिले. हवे ते मॉड्यूल क्षणार्धात घरी आणता येऊ लागले. परंतु आणलेले मॉड्यूल ठेवण्याची ठरलेली जागा म्हणजे सामायिक कोठार, आणि तेथे तर मज्जाव. स्वतःच्या मेजावरील संगणकाचा मालक असलेल्याला ही अडचण नव्हती. विद्यापीठांतील सामायिक यंत्रांवर काम करणाऱ्यांना ती पदोपदी आडवी येत होती. म्हणून भाषांच्या कर्त्यांनी खासगी डिरेक्टरीची सोय हळूहळू भाषेच्या अंगातच आणली. पर्लमध्ये ‘लोकल लिब’ नावाचे साधन आले. २००८ च्या पायथन २.६ या आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याच्या होममध्ये मॉड्यूलांची एक ठरावीक जागा मानली गेली. आर भाषा तर सामायिक जागी लिहिता येत नाही असे दिसताच, खासगी संग्रह करू काय, असे वापरकर्त्याला आपण होऊन विचारते.

ही सोय चालते कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. तिचे चार भाग असतात. प्रथम वापरकर्ता आपल्या होममध्ये एक डिरेक्टरी करतो. मग मॉड्यूल बसविणाऱ्या साधनाला, ‘जे आणशील ते येथे ठेव’, असे सांगतो. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द भाषेला, ‘मॉड्यूल शोधताना येथेही पाहा’, असे सांगणे. त्यासाठी पर्लमध्ये ‘पर्ल-फाइव्ह-लिब’, पायथनमध्ये ‘पायथनपाथ’ अशा नावांच्या नोंदी ठरलेल्या आहेत. पायथन आणि आर यांनी नेमलेली नेहमीची खासगी जागा वापरली तर हे काम भाषाच करते. स्वतः निवडलेल्या जागेसाठी ते आपणच करावे लागते. चौथा भाग म्हणजे ही नोंद यंत्रात प्रवेश करताक्षणी आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहून ठेवणे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती विसरली जाते. नवखा मनुष्य पहिले दोन भाग नीट पार पाडतो आणि तिसऱ्याला चुकतो. मग पोथी फडताळात असूनही शिष्याला फडताळाचाच पत्ता नाही, अशी स्थिती होते. यंत्र ‘मॉड्यूल सापडले नाही’ असे बजावते आणि वापरकर्ता तेच मॉड्यूल पुनःपुन्हा आणीत राहतो.

महासंगणकावर आणखी एक पथ्य असते. तेथे प्रवेशाची यंत्रे निराळी आणि गणित करणारी निराळी. गणित करणाऱ्या यंत्रांना बहुधा इंटरनेट नसते. म्हणून मॉड्यूले प्रवेशाच्या यंत्रावर आणून ठेवावी लागतात. होम सर्व यंत्रांना सारखेच दिसत असल्यामुळे तेथे ठेवलेले पुढे गणिताच्या वेळी सापडते. सामायिक कोठारातील निरनिराळ्या आवृत्त्यांतून हवी ती निवडण्याचीही सोय असते. अशा निवडीच्या साधनाची कल्पना १९९१ साली जॉन फरलानी यांनी मांडली आणि जगभरच्या महासंगणकांवर ती रुळली. कोठारातून भाषेची आवृत्ती घ्यावी आणि फडताळातून मॉड्यूले, असा हा संयुक्त संसार असतो.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. एकच मॉड्यूल सामायिक कोठारातही आहे आणि खासगी डिरेक्टरीतही आहे, तर कोणते घ्यावे? काशीच्या वैयाकरणांना हा प्रश्न ऐकून स्मित आले असते. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांत एकाच ठिकाणी दोन नियम लागू होण्याचे प्रसंग वारंवार येतात. तेव्हा कोणता नियम बलवान, याचा निर्णय करण्यासाठी परिभाषा ठरविल्या गेल्या. काशीतच ग्रंथरचना करणाऱ्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताचा ‘परिभाषेंदुशेखर’ हा ग्रंथ याच विषयावरचा आहे. सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग, विशेष नियम म्हणजे अपवाद. आणि अपवादाच्या क्षेत्रात उत्सर्ग माघार घेतो, हे त्या शास्त्राचे सर्वपरिचित तत्त्व आहे. संगणकाचा नियम याहून भोळा आहे. तो शोधण्याच्या जागांची एक क्रमवार यादी घेतो, पहिल्या जागेपासून पाहू लागतो आणि जेथे प्रथम सापडेल तेथेच थांबतो. खासगी डिरेक्टरी यादीत आधी लिहिली की ती सामायिक कोठारावर मात करते. परिणाम अपवादासारखाच, फरक इतकाच की वैयाकरण कारण पाहतो आणि यंत्र केवळ क्रम पाहते.

म्हणूनच या सोयीत धोकाही आहे. सामायिक कोठारातील मॉड्यूल सुधारले गेले, त्यातील दोष निघाले, तरी ज्याच्या फडताळात जुनी प्रत पुढे मांडलेली आहे त्याला त्या सुधारणेची वार्ताही लागत नाही. तीन वर्षांपूर्वी कोणत्या तरी निकडीत आणून ठेवलेले मॉड्यूल मालक विसरतो. यंत्र विसरत नाही. दुसरे असे की, एका माणसाची दोन कामेही परस्परविरोधी असू शकतात. एका प्रोग्रॅमला जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. तेव्हा माणसापाठी एक फडताळही अपुरे पडते आणि कामापाठी एक असे करावे लागते. पायथनसाठी २००७ साली ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन याच हेतूने आले आणि २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत तशी सोय भाषेचाच भाग झाली. तिसरी गोष्ट सावधगिरीची. जेथे इतरांनाही लिहिता येते अशी डिरेक्टरी आपल्या शोधाच्या यादीत कधीही घालू नये. नाहीतर ओळखीच्या नावाने कोणीही भलतीच वस्तू तेथे ठेवील आणि यंत्र ती निमूटपणे स्वीकारील.

काळाचा ओघ तरीही खासगी डिरेक्टरीच्याच बाजूचा आहे. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ या प्रणालीने पायथनचे मॉड्यूल बसविणाऱ्या नेहमीच्या साधनाला सामायिक कोठारात हात घालण्यास आपण होऊन बंदी केली. व्यवस्थापक असला तरी त्याला ‘तुझ्यासाठी वेगळी जागा कर’ असेच आता ते साधन सांगते. जो नियम पूर्वी सामान्य वापरकर्त्यावर निर्बंध म्हणून लादलेला वाटे, तोच आता सर्वांसाठी शहाणपणाचा मार्ग ठरला आहे.

परंतु डिरेक्टरी केली म्हणजे काम संपले असे नाही, हे कवींद्राचार्यांच्या संग्रहाची कथा सांगते. महासंगणकावरील होम कोणालाही आंदण मिळालेले नसते. विद्यार्थ्याचे शिक्षण संपते, खाते बंद होते, जागेची मर्यादा भरते. तात्पुरत्या कामासाठी दिलेली जागा तर ठरावीक मुदतीनंतर पुसूनच टाकतात. यंत्रही म्हातारे होते आणि त्याच्या जागी दुसरे येते. खासगी डिरेक्टरीत वर्षानुवर्षे जमविलेली मॉड्यूले त्याबरोबर जातात. इंटरनेटवरील भांडारातून ती पुन्हा आणता येतील, या भरवशालाही मर्यादा आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट या भाषेच्या भांडारातून अकरा ओळींचे एक मॉड्यूल त्याच्या कर्त्याने एकाएकी काढून घेतले, आणि त्यावर आडमार्गाने विसंबून असलेली जगभरातील अनेक कामे त्या दिवशी अडून बसली. भांडाराच्या चालकांना काही तासांतच ते परत ठेवावे लागले. सामायिक कोठार कितीही मोठे असो, तेथील वस्तू उद्याही असेलच अशी हमी कोणी देत नाही.

येथे पणास लागते ते केवळ एका विद्यार्थ्याच्या सोयीचे नव्हे. शास्त्रीय निष्कर्षाची कसोटी अशी की, दुसऱ्या कोणी तीच सामग्री घेऊन, तीच कृती केली, तर तेच उत्तर यावे. वाराणसीच्या यंत्रावर काढलेले उत्तर चार वर्षांनी पुण्याच्या यंत्रावर पडताळून पाहावयाचे झाले, तर मूळ प्रोग्रॅम पुरत नाही. त्यामागची मॉड्यूले तीच आणि त्याच आवृत्तीची असावी लागतात. मधल्या काळात एखाद्या मॉड्यूलने आकडे पूर्णांकात आणण्याची रीत किंवा गाळलेल्या नोंदी धरण्याची पद्धत बदलली असेल, तर उत्तर किंचित सरकते. ते का सरकले हे सांगता आले नाही, तर प्रामाणिक संशोधकावरही संशयाची सावली पडते. शेतीसाठी पावसाचा अंदाज किंवा औषधाच्या रेणूचे गणित अशा विषयांत ही सावली प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

याला उपाय साधा आहे आणि तो काशीच्या पंडितांना ठाऊक होता: सूचिपत्र. प्रत्येक भाषेत आता अशी सोय आहे की, एका आज्ञेसरशी डिरेक्टरीतील सर्व मॉड्यूलांची नावे आणि त्यांच्या आवृत्त्यांचे क्रमांक एका लहानशा फाइलीत उतरतात. तीच फाइल दुसऱ्या यंत्राला दिली की ते यंत्र त्याबरहुकूम तसेच फडताळ उभे करते. हजारो फाइलींची डिरेक्टरी हरवली तरी चालेल. चाळीस ओळींची ही यादी प्रोग्रॅमच्या शेजारी आणि निबंधाच्या पुरवणीत राहिली पाहिजे.

यादीत काय असावे, याचाही धडा त्या जुन्या सूचिपत्रातून मिळतो. त्यात प्रामुख्याने ग्रंथांची नावे आहेत. अमुक ग्रंथाची कोणती प्रत कवींद्राचार्यांजवळ होती, तिच्यात कोणते पाठ होते, हे केवळ नावावरून कळत नाही. त्यासाठी विखुरलेल्या पोथ्यांवरील मालकीच्या नोंदी शोधत संशोधकांना ग्रंथालये धुंडाळावी लागली. नुसत्या नावांची यादी अर्धे काम करते. मॉड्यूलच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक, भाषेच्या आवृत्तीचा क्रमांक आणि ते ज्या भांडारातून आणले त्याचा उल्लेख असेल, तरच तिच्यावरून मूळ संग्रह पुन्हा उभा करता येतो. एवढी टिपणी करण्यास पाच मिनिटे लागतात. ती न केल्यास पुढे कोणाला तरी पाच महिने लागू शकतात.

सामायिक साधनांचा योग्य उपयोग हा आपल्या देशाच्या दृष्टीने किरकोळ विषय नाही. महासंगणक महाग असतात. प्रत्येक संस्थेला आपला स्वतःचा घेता येत नाही, आणि घेऊही नये. काशीच्या यंत्रानंतर खरगपूरला आणि पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत याच अभियानातून यंत्रे बसली, आणि त्यांवर अनेक शाखांचे लोक शेजारी शेजारी काम करू लागले. अशा घरात शिस्त आणि स्वातंत्र्य दोन्ही नांदावयाची, तर कोठाराची किल्ली व्यवस्थापकाकडे असावी, फडताळाची मालकाकडे, आणि फडताळात काय आहे याची यादी मात्र सर्वांना वाचता येईल अशा जागी असावी. पुण्यात जुळलेल्या आणि वाराणसीत बसलेल्या यंत्रावर जो तरुण संशोधक आज आपली पहिली खासगी डिरेक्टरी उघडील, त्याने तिच्यात पहिली फाइल ठेवावी ती या यादीची. गोदातीरच्या त्या संन्याशाच्या दालनातली पोथी आज कोणी त्या दालनात जाऊन वाचू शकत नाही. तरी त्याच्या संग्रहाचा विस्तार केवढा होता हे तीन शतकांनंतरही सांगता येते, ते कोणी तरी बसून ती नावे उतरवून ठेवली म्हणून.